दस्तीचा कायदा

सरांच्या मते या देशात पूर्णपणे पाळला जाणारा कायदा एकच होता, आणि तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नव्हता. बसच्या खिडकीतून आत टाकलेली दस्ती ज्या सीटवर पडली, ती सीट दस्तीवाल्याची. दस्ती म्हणजे रुमाल. आमच्याकडं रुमालाला रुमाल म्हणणारा माणूस बदलीवर आलेला समजतात.

सर नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. राज्यघटनेचा धडा ते लोह्याच्या बसस्टँडपासून सुरू करत.

"सांगा, सीटवरची दस्ती उचलून बाजूला फेकायला किती ताकद लागते?"

"काहीच न्हाई सर."

"मग लोक का फेकत नाहीत?"

"भांडण होतंय सर."

"भांडण तर बांधावरूनही होतं. तरी दरवर्षी बांध कोरतातच की."

यावर वर्ग हसायचा आणि दोन-तीन मुलं खाली बघायची. निम्मा वर्ग शेतकऱ्यांचा होता, बांध कोरणं कुणाला समजावून सांगावं लागत नसे. मग सर फळ्यावर लिहीत : 'कायदा – ज्याच्यामागे पोलीस नसतानाही जो पाळला जातो तो.' ही व्याख्या पाठ्यपुस्तकात नव्हती. दरवर्षी एक-दोन मुलं ती परीक्षेत लिहीत आणि सर त्यांना अर्धा मार्क देत. पूर्ण देत नसत, कारण व्याख्या पुस्तकातली नाही.

सर नांदेडला राहत आणि पंचवीसएक वर्षं रोज अप-डाउन करत. मी त्यांच्यापेक्षा बराच लहान, विज्ञान शिकवायचो आणि लोह्यातच राहायचो. माझं घर स्टँडच्या पलीकडं, त्यामुळं संध्याकाळी शाळा सुटली की आम्ही दोघं स्टँडपर्यंत बरोबर जायचो आणि तिथं चहा घ्यायचो. बरोबर म्हणजे सर पायी आणि मी मोटारसायकलवर, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला टेकवत. मोटारसायकलवर मागं बसायला त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला होता. "मोटारसायकल म्हणजे दवाखान्यात दाखल होण्याचा अर्ज आहे," ते म्हणाले. "तुम्ही केलाय तर करा. मला जोडपत्र करू नका."

एका वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेत कॅमेरे बसवले. हे शांतपणे झालं असतं तर कॅमेऱ्यांचा उपयोग काय, असं लोकांनी विचारलं असतं. म्हणून मंडप घातला, लाउडस्पीकर लावला, तालुक्याच्या ठिकाणचे सगळे पांढरे कपडे पहिल्या रांगेत बसवले. अध्यक्षांनी फीत कापली, नारळ फोडला आणि उत्साहाच्या भरात शिडीवर चढून दारावरच्या मुख्य कॅमेऱ्याला झेंडूचा हार घातला. नंतर गुन्हेगारी आणि आधुनिक तंत्रज्ञान या विषयावर चाळीस मिनिटं भाषण झालं. भाषण संपलं तेव्हा प्रमुख पाहुण्यांच्या नव्या चपला दारातून गेलेल्या होत्या.

अध्यक्ष खूश झाले. ते म्हणाले, "बघा, पहिल्याच दिवशी उपयोग झाला." सगळे मुख्याध्यापकांच्या खोलीत स्क्रीनभोवती जमले. स्क्रीनवर झेंडूची फुलं दिसत होती. मोठी, टवटवीत, वाऱ्यानं हळूहळू हलणारी. पाऊण तासाचं चित्रीकरण होतं आणि सगळं तेच.

"ज्याला हार घालतात त्याला दिसायचं बंद होतं," सर मागून म्हणाले. "कॅमेऱ्याचा दोष नाही."

खोलीत अध्यक्षही होते. त्यांच्या गळ्यातला हार अजून काढायचा होता. कुणी हसलं नाही. पाहुणे शिपायाच्या चपला घालून गेले.

चोरी या विषयावर सरांचा एक जुना आक्षेप होता, की तिच्यातले कष्ट संपले. "पूर्वी चोराला भिंत फोडायला लागायची. कुत्र्याला भाकरी टाकायला लागायची. आता तो फोन करतो आणि मालक आतून कडी काढतो. वर आकडे नीट ऐकू आले का विचारतो."

असा फोन एकदा सरांनाही आला. त्यांचा फोन साधा, बटणांचा. त्यामुळं फक्त आवाज आला. हिंदीतून एका साहेबानं सांगितलं, की तुमच्या नावाचं पार्सल पकडलं आहे, तुम्हाला मोबाइलवरून अटक करण्यात येत आहे, फोन ठेवायचा नाही आणि घराबाहेर पडायचं नाही.

"दफा कौनसी लगाई, बोलो," सर म्हणाले. नांदेडमध्ये वाढलेल्या माणसाला या हिंदीची अडचण नसते.

समोरच्यानं काहीतरी कलम सांगितलं. सरांनी ते कलम त्या गुन्ह्याचं नसल्याचं सांगितलं, बरोबर कलम सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. मग म्हणाले, "चोबीस घंटे के अंदर मॅजिस्ट्रेट के सामने खडा करना पडता, मालूम है ना? घर का पता लिखो."

पत्ता अर्धा झाल्यावर साहेबानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता. रजेचं कारण : 'अटकेत असल्यामुळे (मोबाइलद्वारे).'

मुख्याध्यापक उदगीरकडचे, शांत माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सर, तो चोर होता हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"हाव. पण अटक बेकायदा असली तरी आरोपीनं सहकार्य करावं. चोवीस तास वाट पाहिली. कुणी आलं नाही."

"मी 'घरगुती कारण' लिहितो."

सरांनी विचार केला. "अटक घरीच झाली होती. घरगुती म्हणायला हरकत नाही."

हे विनोदानं केलेलं नव्हतं. जे घडलं ते कागदावर यावं, असं त्यांना खरोखरच वाटे. कागदावर येईपर्यंत त्यांना चैन पडत नसे आणि कागदावर आल्यावर आम्हाला.

आता ती संध्याकाळ. मार्च महिना, दहावीचे पेपर तपासायला आले होते. सरांकडं इतिहास-नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, खाकी कागदात बांधून कापडी पिशवीत घातलेला. निवृत्तीला त्यांचे तेरा महिने उरले होते.

आम्ही स्टँडवर चहा घेत होतो तेव्हा एक बस लागली. पाटी होती 'लातूर–नांदेड'. दारात झुंबड उडाली. सर उठले, खिडकीशी गेले, जड पिशवी दोन्ही हातांनी उचलून एका रिकाम्या सीटवर सरकवली आणि तिच्यावर आपली लाल चौकड्यांची दस्ती अंथरली. मग कायदा लागू करून आलेल्या माणसाच्या सावकाशपणानं परत आले आणि उरलेला चहा उचलला.

मी मोबाइलवर बस कुठं आहे ते दाखवणारं ॲप बघत होतो. "सर, ही गाडी लातूरला चाललीय."

"पाटी वाचा. नांदेड."

"पाटीवर लातूर पण आहे."

"लातूर आधी आहे. नांदेड नंतर. जे नंतर लिहिलंय तिकडं गाडी जाते."

"परत येताना पाटी उलटी करत नाहीत सर. दोन्हीकडून तीच असते."

"आणि तुमचं ॲप? परवा त्यानं एक गाडी गोदावरीत उभी दाखवली होती. मधोमध. तुम्हीच दाखवलं होतं मला."

हे खरं होतं. यंत्र एकदा खोटं बोललं की त्याच्या खऱ्यालाही साक्षीदार लागतो, या अर्थाचं काहीतरी सर बोलू लागले. आमच्या स्टँडवर सगळ्या गाड्या तोंड फलाटाकडं करून उभ्या राहतात, त्यामुळं कोण कुठं चाललंय ते निघेपर्यंत कळत नाही. सरांचं वाक्य संपायच्या आत ही गाडी मागं सरली, वळली, फाटकातून बाहेर पडली आणि लातूरच्या दिशेनं गेली.

सरांनी चहाचा कप बाकावर ठेवला. कप कलंडला. त्यांनी तो सरळ केला.

बोर्डाचे पेपर हरवणं म्हणजे काय हे मास्तरांना सांगावं लागत नाही. निलंबन, चौकशी, अडकलेली पेन्शन; ते सगळं होतंच. पण त्या गठ्ठ्यात कुठल्यातरी गावच्या मुलांचे पेपर होते, ज्यांची नावंही सरांना माहीत नव्हती, फक्त बैठक क्रमांक. त्या मुलांनी लिहिलेलं आता गाडीबरोबर चाललं होतं.

मी मोटारसायकलला किक मारली. "बसा सर. अहमदपूरला गाठू."

"हेल्मेट?"

"एकच आहे. तुम्ही घाला."

"नियम चालवणाऱ्याला आधी आहे," सर म्हणाले आणि मागं बसले. त्यांनी माझ्या शर्टाला इतकं घट्ट धरलं की पुढं एक बटण तुटलं.

माळाकोळी गाव मागं पडलं. मग कानाशी आवाज आला, "चोरी म्हणता येणार नाही. हलगर्जीपणा."

"सर, गाडी मिळंल."

"चौकशीत विचारतील, पेपर कुणाच्या ताब्यात होते. काय सांगू? दस्तीच्या?"

वाऱ्यामुळं त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. आरशात मला दिसत होतं; वाऱ्यामुळंच येत असावं.

अहमदपूरच्या स्टँडवर बस उभी होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं दांड्यांना लोंबकळत होती, गाठोडी डोक्यांवर होती. आणि या सगळ्याच्या मध्ये एक सीट रिकामी. सीटवर पिशवी, पिशवीवर दस्ती. सीटच्या खाली, वाटेत, एक म्हातारी बाई मांडी घालून बसली होती. तिचा एक हात वर, पिशवीवर होता.

कंडक्टर बाईंनी आम्हाला बघितलं. "तुमची का हो ही दस्ती? लोह्यापासून आवाज देऊन राहिले मी. म्हणलं माणूस हाय का भूत."

"माझी," सर म्हणाले.

"मग चढलाव का न्हाई?"

"गाडी नांदेडची समजलो."

मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर दिसतेत," आणि अर्धी बस हसली. सर कसेबसे वाट काढत पुढं गेले. गठ्ठा तपासला. गाठ होती तशी होती. मग त्यांनी खाली पाहिलं.

"आजी, तुम्ही खाली का बसलात?"

"दस्ती हाय की वर."

"उचलून बाजूला ठेवायची."

"बरं बोलायलाव. दुसऱ्याच्या जाग्यावर बसावं का? पोरांना असंच शिकवताव का?"

सरांना उत्तर सुचलं नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. ते दृश्य मला नवीन होतं.

म्हातारी पुढं म्हणाली, "वाटलं, माणूस पाणी प्यायला उतरला आसंल, पुढच्या स्टँडावर चढंल. पण खड्ड्यात पिशवी खाली यायली. मग म्या धरून बसले. काय हाय वो आत, लई जड हाय?"

"दहावीच्या मुलांचे पेपर."

"आगं बया! मग बरं झालं धरून बसले." ती गुडघ्यावर हात ठेवून कण्हत उठली. उठायला वेळ लागला. सर तिला हात द्यायला वाकले, पण त्यांच्या दोन्ही हातांत पेपर होते. मी हात दिला. तिनं दस्तीची घडी घातली, सरांच्या वरच्या खिशात कोंबली आणि सीटवर बसून पाय लांब केले.

बस गेल्यावर सर बराच वेळ फलाटावर उभे होते. "लोह्यापासून," ते म्हणाले. "लोह्यापासून खाली." मोटारसायकलवर परत बसायला त्यांनी नकार दिला. नांदेडकडची बस लागली तेव्हा ती कुठं जाते हे त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, कंडक्टरला विचारलं आणि एका प्रवाशालाही विचारलं. मग पिशवी पोटाशी धरून दारातून चढले. आत जागा नव्हती. ते उभ्यानं गेले.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पेपर मिळाले होते, कुणाला काही कळलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर सरांचं पत्र होतं, बोर्डाकडं पुढं पाठवण्यासाठी. मला बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं.

'...सदर गठ्ठा काल सायंकाळी माझ्या हलगर्जीपणामुळे लोहा ते अहमदपूर या प्रवासात माझ्या ताब्यात नव्हता. त्या काळात तो एका वृद्ध महिलेच्या ताब्यात होता व तिने तो सुरक्षित ठेवला. माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी.' खाली सही, तारीख.

सर समोर उभे होते. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तेरा महिने राहिलेत तुमचे. पेन्शन अडकली तर वहिनींच्या औषधाचं काय?"

"जे झालं ते लिहिलंय."

"पेपर मिळाले ना?"

"मिळाले हे माझं कर्तृत्व नाही."

मुख्याध्यापकांनी पत्र पुन्हा वाचलं. मग त्यांनी चष्मा पुसला. "या बाईंचं नाव काय?"

सरांनी वरच्या खिशातली दस्ती चाचपली.

"विचारलं न्हाई?"

"राहून गेलं."

"मग सर, हे पत्र अपुरं आहे. पेपर कुणाच्या ताब्यात होते, तिचं नाव नको का? उद्या बोर्ड विचारील, कोण बाई? तुम्ही नाव आणा, त्याच दिवशी मी पुढं पाठवतो." त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

सरांना हा मुद्दा बिनतोड वाटला. ते मान हलवून वर्गावर गेले. ते गेल्यावर मुख्याध्यापक मला म्हणाले, "उभ्या नोकरीत लई कागद अडवले मी. हा एक चांगल्या कामासाठी अडवला."

त्या दिवसापासून सर स्टँडवर लातूरकडं जाणारी प्रत्येक बस लागली की चहा ठेवून उठत, दारातून चढत, दोन्ही बाजूच्या सीट बघत मागपर्यंत जात आणि उतरून येत. खिडकीतून दस्ती टाकणं त्यांनी सोडलं होतं. नेहमीचे प्रवासी म्हणत, एकदा चुकले म्हणून मास्तर आता गाडी आतून तपासून घेतेत. खरं कारण मला माहीत होतं. हे वर्षभर चाललं. वर्गात त्यांनी राज्यघटनेचा धडा पुस्तकात छापलाय तसा शिकवला. त्या वर्षी मुलांना नागरिकशास्त्र कंटाळवाणं वाटलं.

निवृत्तीला महिनाही उरला नव्हता. संध्याकाळी लातूरची गाडी लागली आणि सर चढायच्या आतच खिडकीतून आवाज आला, "वो दस्तीवाले मास्तर! आज तरी कुठं चाललाव बघून घ्या!"

सर चढले. मीही त्यांच्यामागं पायरीवर उभा राहिलो. सरांनी खिशातून पेन आणि कागदाचा तुकडा काढला.

"आजी, तुमचं नाव सांगा."

म्हातारीनं पेनाकडं पाहिलं. "कशाला?"

"एका पत्रात लिहायचंय. सरकारी पत्र आहे."

"न्हाई."

"तुमच्यावर काही येणार नाही. तुम्ही चांगलं काम केलं असं लिहिणार आहे."

"तसंच म्हणतेत. आमच्या गल्लीत एकीला तसाच फोन आला. लई गोड बोलला. आधी नाव विचारलं, मग आधार, मग अंगठा. निराधारच्या पगाराचे पैसे गेले तिचे. जावयानं सांगून ठिवलंय, कुणी कागद-पेन काढलं की तोंड उघडायचं न्हाई."

"मी मास्तर आहे. तुम्ही मला ओळखता."

"वळखते की. म्हणून तर भांडण करंना. पण नाव न्हाई सांगत." आणि ती खिडकीकडं सरकली, सीटवर हात आपटला. "बसा. उभं का राहिलाव? जागा हाय."

घंटी झाली. मी खाली उडी मारली. सर बसले होते, कागद हातात तसाच. गाडी मागं सरली, वळली आणि सरांना घेऊन लातूरकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मुख्याध्यापकांच्या खोलीत होतो. सर अहमदपूरपर्यंत गेले होते. म्हातारीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, एक मुलगी उमरीला दिलेली होती, सुनेनं वेगळी चूल मांडली होती, म्हैस गाभण होती, नातवाला मोबाइल दिल्यापासून तो जेवत नव्हता.

"आणि नाव?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाव सोडून सगळं सांगितलं."

"गाव तर सांगितलं असंल," मी बोलून गेलो. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

"गाव सांगितलं," सर म्हणाले.

"गावावर भागत नाही," मुख्याध्यापक घाईनं म्हणाले. "नाव लागतं. नियम आहे."

"कुठला नियम?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "नियमाच्या पुस्तकात बघून सांगतो," ते म्हणाले आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

सर रोज सकाळी सही करायला येत तेव्हा विचारत, "सापडलं?" आणि मुख्याध्यापक म्हणत, "बघायलोय." असे तेवीस दिवस गेले. शेवटच्या दिवशी सर आले, सही केली, हजेरीपट मिटला आणि कुलूप लावलेल्या ड्रॉवरकडं बघून मुख्याध्यापकांना नमस्कार केला.

त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.